भुताने केलेल्या भूमिका

“कसून शोध घेऊनही या देशात पंचावन्न वर्षांवरील, अभिनयाचा अनुभव असलेला एकही पुरुष आढळला नाही, सबब आजोबांच्या भूमिकेसाठी परदेशी नट आणण्याची परवानगी मिळावी.”

ऑकलंडहून आलेल्या चित्रपट कंपनीचा हा अर्ज आपिया या सामोआच्या राजधानीतल्या तिच्या तात्पुरत्या कचेरीच्या दारावर चिकटवलेला होता. हरकती मागवल्याशिवाय परदेशी नट आणता येत नाही, असा कायदा आहे, म्हणून. लोसाने तो सावकाश वाचला आणि पुन्हा एकदा वाचला. ती कॉलेजात रंगभूमीचा इतिहास शिकवत असे. तिचा राग चारचौघांसारखा तापत नसे. तो गोठत जाई, आणि गोठता गोठता त्याला धार येई.

‘कसून शोध’ म्हणजे नेमके काय, याची तिने आधी माहिती काढली. एका हॉटेलच्या अंगणात, आंब्याच्या सावलीत मांडलेले एक टेबल, एवढाच तो शोध होता. दक्षिण किनाऱ्यावरच्या गावांतून पहिल्या बसने म्हातारे आले होते. कमरेभोवती इस्त्रीचे लावालावा, म्हणजे लुंगीसारखे वस्त्र, नेसून, केसांना खोबरेल लावून. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारण्यात आला: अभिनयाचा अनुभव आहे का? चांगल्या घरात वाढलेल्या सामोअन माणसाने अशा प्रश्नाला जे उत्तर द्यायचे असते, तेच प्रत्येकाने दिले: “छे, मला कसलं काय येतंय! माझ्यापेक्षा लायक माणसं गावात पुष्कळ आहेत.” टेबलामागच्या बाईने प्रत्येक नावापुढे ‘अनुभव नाही’ असे लिहिले आणि पुढच्याला बोलावले.

म्हणजे पुरावा होता तो फक्त सौजन्याचा. ज्या बेटावर पाहुण्यापुढे अख्खे भाजलेले डुक्कर ठेवतानाही यजमान “आज घरात काहीच नाही, क्षमा करा” असे म्हणतो, तिथे कंपनीने माणसांचे बोलणे शब्दशः धरले होते. त्याच न्यायाने सामोआत अन्नाचा कणही नाही, असा निष्कर्ष काढून तिने जगाकडे दुष्काळासाठी मदत का मागितली नाही, हे लोसाला समजेना. विद्वत्तेची अशी अर्धवट भूक तिने परदेशी ग्रंथांच्या तळटीपांत पुष्कळ पाहिली होती. दारावर चिकटवलेली मात्र प्रथमच पाहत होती.

त्या म्हाताऱ्यांत तिचा मामाही होता. त्यानेही तेच उत्तर दिले होते. आणि लोसाने आजवर जगभरच्या रंगमंचांवर जे जे पाहिले, त्यात ओपेतामामापेक्षा मोठा नट तिला एकही आठवत नव्हता.

रविवारी चर्च आणि जेवण उरकल्यावर ती वाइतोआ या गावी मामाच्या घरी, खांबांच्या त्या उघड्या घरात, चटईवर लॅपटॉप मांडून बसली. वारा समुद्राकडून येत होता. मामा पोटावर पंखा ठेवून आडवा झाला होता. पेलेमामी एका खांबाला टेकून कोको ढवळत होती.

“ऊठ,” लोसा म्हणाली. “तुझा सीव्ही करायचाय.”

“तो काय असतो?”

“तू कोण, काय काय केलंस, काय येतं, ते सगळं एका पानावर.”

“एका पानावर?” मामी म्हणाली. “एका ओळीत होईल की. जेवला, झोपला.”

मामा उठून मांडी घालून बसला आणि त्याने घसा साफ केला. “लिही. मी ओपेता, अत्यंत सामान्य माणूस. माझ्यात काही गुण नाही. तुमच्यासमोर बसण्याची माझी लायकी नाही.”

“मामा, हे वाचून तुला कोण घेईल?”

“मग काय लिहू? मी फार मोठा आहे म्हणून? माझी आई थडग्यातून उठून येईल आणि कान पिळेल.”

“बरं, ते राहू दे. यात एक रकाना आहे. कोणत्या वयाच्या भूमिका करू शकतोस?”

मामाने मनापासून विचार केला. “गेल्या नाताळात मी गरोदर होतो,” तो म्हणाला. मग एकदम सावध होऊन त्याने इकडेतिकडे पाहिले. “मी नाही. भूत.”

“ते भूत माझा चांगला झगा घालून गेलं होतं,” मामी म्हणाली, “आणि बगलेत फाडून आणला. भुताला शिवता येत नाही वाटतं?”

अडचण होती ती इथे. गावच्या सोंगांच्या खेळाला फाले आइतू म्हणतात, भुतांचे घर. त्यात नट बोलत नाही. त्याच्या अंगात आलेले भूत बोलते. म्हणून तर तिथे मताईची म्हणजे कुळप्रमुखाची, धर्मगुरूची, कुणाचीही यथेच्छ टिंगल करता येते आणि दुसऱ्या दिवशी गावाची सभा कुणाला दंड करू शकत नाही. वाइतोआत हा नेम इतरांपेक्षा कडक होता. खेळ संपला की सोंग कुणी काढले, ते कुणी उच्चारायचे नाही. नटाने तर मुळीच नाही. जो “तो मी होतो” असे म्हणेल त्याचे भूत गेले, संरक्षण गेले, आणि त्या टिंगलीचा हिशेब त्याच्या एकट्याच्या गळ्यात आला. राजाश्रयाने पोसलेल्या रंगभूमींना उपरोधासाठी इतके निर्दोष छप्पर कधी बांधता आले नाही, असे लोसा वर्गात नेहमी सांगत असे. त्या छपराखाली तिचा मामा गेली कित्येक वर्षे बिननावाचा उभा होता, हे मात्र तिला त्या दुपारी प्रथमच नीट दिसले.

“तुला खरंच हवीय का ही भूमिका?” तिने विचारले. “नको असेल तर मी माझी हरकत माझ्या शब्दांत लिहीन. तुझं नाव घेणार नाही.”

मामा बराच वेळ पंख्याच्या काड्या चाचपत राहिला.

“सिनेमा संपला की नावं येतात ना,” तो म्हणाला, “खालून वर सरकणारी. लोक तेव्हा उठून जातात. मी कधी जात नाही, सगळी वाचतो. दिवे धरणाऱ्याचंसुद्धा नाव असतं त्यात.” तो थोडा हसला. “तसं एकदा माझं आलं असतं तर.”

मामीने कोकोचा पहिला पेला नवऱ्यापुढे ठेवला. एरवी तो पाहुणीचा असतो.

“मग सगळं सांग,” लोसा म्हणाली. “पहिल्यापासून.”

त्याने सांगितले, प्रत्येक वाक्याच्या शेवटी “म्हणजे भुताने” असे जोडत. लोसा लिहीत गेली आणि ते शेपूट गाळत गेली. सरकारी डॉक्टर, जो रुग्णाला न बघता औषध देतो. न्यूझीलंडहून परतलेला आणि आपलीच भाषा विसरलेला भाचा. तो करताना मामाने बसल्या जागी जी मान वेळावली, ती पाहून लोसाला ऑकलंडमधली आपलीच पहिली वर्षे आठवली आणि ती लाजेने आणि हसण्याने लाल झाली. मामी तर चटईवर लोळत होती. “पुरे, पुरे! कोको सांडेल!”

“आणि झोपलेला मताई,” लोसा म्हणाली.

मामी एकदम उठून बसली.

“ते नको,” मामा म्हणाला.

“मामा, ती तुझी सगळ्यात मोठी भूमिका आहे.”

“ती भुताची आहे. तुइलवाई अजून जिवंत आहेत.”

लोसा तेव्हा बारा वर्षांची होती. शेजारच्या गावाशी किरिकितीचा, म्हणजे सामोअन क्रिकेटचा, मोठा सामना होता. दोन्ही गावे मैदानाभोवती नाचत होती. अखेरच्या चेंडूवर शेजाऱ्यांना धावा हव्या होत्या आणि चेंडू सीमेवर उभ्या असलेल्या तुइलवाईंच्या, गावच्या सर्वांत मोठ्या मताईंच्या, दोन पायांमधून सरळ निघून गेला. वाइतोआ हरले आणि जिंकणाऱ्यांना मेजवानी घालावी लागली. तुइलवाईंनी सभेत सांगितले की सूर्य डोळ्यांत होता. सभेने ते मान्य केले, आणि तेव्हापासून तो गावचा इतिहास झाला. भाषणांत आजही त्याचा उल्लेख ‘सूर्याचा दिवस’ असाच होतो.

त्याच वर्षी नव्या चर्चच्या उद्घाटनाला खेळ झाला. दोरीवर टाकलेल्या चादरीआडून एक उंच, भारदस्त मताई बाहेर आला, अंगणाच्या मध्यभागी उभा राहिला, आणि काहीच केले नाही. फक्त उभा राहिला. डोळे उघडे होते. मग, कसे ते कुणालाच कळले नाही, पण त्या उघड्या डोळ्यांमागचा माणूस निघून गेला. नजर तिथेच राहिली आणि तिच्यात कुणी उरले नाही. जबडा हलकेच, रवंथ केल्यासारखा हलू लागला. लोकांना पहिल्यांदा कळलेच नाही. मग एका कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसले आणि ते हसू सगळ्या गावभर वणव्यासारखे गेले. तुइलवाई पहिल्या रांगेत होते. ते खोकत उठले आणि निघून गेले. लोसा आईला म्हणाली, “अगं, तो तर ओपे–” आणि आईचा तळहात तिच्या तोंडावर बसला.

“लिहिणार आहे मी,” लोसा आता म्हणाली.

“लिहिशील तर दंडाची डुकरं तू आणशील, बाई,” मामी म्हणाली. “आमच्याकडचं एकच आहे आणि ते मला आवडतं.”

लोसाने ते लिहिले.

पण कंपनीला नुसता सीव्ही पुरणार नव्हता. त्या भूमिका त्याने खरोखर केल्या, असे सांगणारे कुणीतरी हवे होते. सोमवारी आणि मंगळवारी कॉलेज सुटल्यावर लोसा वाइतोआत घरोघर हिंडली, आणि सगळ्या गावाने तिच्या मामाच्या बचावासाठी खोटे बोलण्याची पराकाष्ठा केली.

“चर्चच्या उद्घाटनाला? ओपेता?” पलीकडची म्हातारी म्हणाली. “तो तर माझ्या घराचं छप्पर शाकारत होता.”

“संध्याकाळी?”

“त्याला अंधारात चांगलं दिसतं.”

दुकानदार म्हणाला की ओपेता त्या दिवशी आपियाला गेला होता. होडीवाल्याच्या मते तो समुद्रावर होता. धर्मगुरूंनी डोळे मिटून गंभीरपणे सांगितले, “ओपेता माझ्या शेजारी बसून प्रार्थना करत होता. मला चांगलं आठवतं, कारण तसं पुन्हा कधी झालं नाही.”

इतक्या प्रेमाने कोणत्याही माणसाचे कर्तृत्व पुसले गेले नसेल. लोसाच्या मनात आले की दारावरचा तो कागद निदान अज्ञानातून लिहिलेला होता. इथे तर जाणती माणसे त्याच निष्कर्षाला, केवळ मायेपोटी, एकमुखाने दुजोरा देत होती. एकच घर उरले होते. बुधवारी भेट म्हणून मासळीच्या डब्यांचे खोके घेऊन ती तुइलवाईंकडे गेली आणि चटईवर मांडी घालून, मान खाली घालून बसली. म्हातारे आपल्या खांबाला टेकून बसले होते.

“ऑकलंडला जाऊन शिकलीस,” ते म्हणाले, “आणि आता आमच्या भुतांची नावं विचारत फिरतेस, असं कानावर आलं.”

“खरं आहे, तुइलवाई.”

“काय उत्तर मिळालं?”

“माझा मामा त्या संध्याकाळी एकाच वेळी चार ठिकाणी होता.”

म्हाताऱ्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. “कामसू माणूस आहे.”

लोसाने वाकून क्षमा मागितली, आणि मग सगळे सांगितले: अर्ज, टेबल, म्हाताऱ्यांची उत्तरे. “भुताला कुणी सिनेमात घेत नाही,” ती म्हणाली. “नाव लागतं. तुम्ही रागावलात तर तो दंड भरेल. मी भरेन. पण शुक्रवारनंतर हरकत घेता येणार नाही, आणि मग आपल्या किनाऱ्यावर आपला आजोबा म्हणून कुणीतरी तिकडून आणलेला उभा राहील. त्याला आपली भाषाही शिकवावी लागणार आहे.”

“आजोबा काय करतो त्या गोष्टीत?”

“मुलगा परत येईल म्हणून वाट पाहतो. बोलत फारसा नाही. उभा राहतो.”

“उभा राहतो?”

“हो.”

“किती वेळ?”

“बहुतेक सगळा सिनेमाभर.”

एक कोंबडी घरात शिरली, तिने खोक्याची पाहणी केली आणि निघून गेली. लोसाने मनातल्या मनात दंडाच्या डुकरांची जमवाजमव सुरू केली.

“शुक्रवारी मी पहिल्या बसने येतो,” ते शेवटी म्हणाले. “ओपेताला सांग, माझ्या शेजारी बसायचं. आणि माझ्यासारखं बसायचं नाही.”

कचेरीतली बाई ब्रॉनविन नावाची होती. उन्हाने तिच्या नाकाची साले निघाली होती आणि वागायला ती चांगली होती, हे लोसाला थोडे गैरसोयीचे वाटले. ओपेता दाराजवळच्या खुर्चीत, गुडघे जुळवून, शाळेत शिक्षेसाठी बसवलेल्या मुलासारखा बसला. तुइलवाई मधल्या खुर्चीत बसले, आणि ती खुर्ची लगेच त्या खोलीतली मुख्य जागा झाली.

ब्रॉनविनने सीव्ही वाचला. “पण हे स्वतः आले होते ना? मी यांना विचारलं होतं. अनुभव नाही म्हणाले.”

“तुम्ही कुणाला ‘कसे आहात’ विचारलंत आणि तो ‘मजेत’ म्हणाला,” लोसा म्हणाली, “तर ते डॉक्टरच्या दाखल्यावर लिहिता का?”

ब्रॉनविन नाकासकट सगळी लाल झाली. “म्हणजे ते सगळे... सगळेच?”

“सगळेच. शोध कसून झाला. फक्त उत्तर कसं ऐकायचं, ते राहिलं.”

“अरे देवा.” तिने दारावरच्या कागदाकडे पाहिले. मग कागद पुन्हा उचलला. “‘झोपलेला मताई’. ही काय भूमिका आहे?”

ओपेताने जमिनीकडे पाहिले. लोसाने तोंड उघडले, पण तुइलवाईंनी हात किंचित वर केला.

“तिला विचार, हे लिहून घेणार का,” ते म्हणाले.

ब्रॉनविनने फोन टेबलावर ठेवून आवाज नोंदवायला सुरुवात केली. तुइलवाईंनी आधी देवाला, मग दोन्ही देशांना, मग ऑकलंडच्या त्यांना माहीत नसलेल्या पूर्वजांना, मग त्या टेबलाच्या मालकाला यथासांग वंदन केले. लोसाने त्याचे “नमस्कार” असे भाषांतर केले. पुढचे मात्र तिने एक शब्दही न गाळता सांगितले. सांगताना तिचा आवाज दोनदा हसण्याने फुटला, आणि दाराजवळच्या खुर्चीत ओपेताने चेहरा दोन्ही हातांत लपवला. त्याचे खांदे हलत होते. ते ऐकून होताच ब्रॉनविन उठली, दारावरचा अर्ज काढून तिने त्याचे दोन तुकडे केले, आणि आजोबांची संहिता ओपेताच्या मांडीवर ठेवली. तुइलवाईंची ती साक्ष त्याच्या सीव्हीच्या मागच्या बाजूला लिहून जोडण्यात आली. ती शब्दशः अशी:

“त्या दिवशी सूर्य माझ्या डोळ्यांत नव्हता. सूर्य माझ्या पाठीमागे होता आणि पाठ छान शेकत होती. मी झोपलो होतो. उभ्याने, डोळे उघडे ठेवून. ही विद्या मी चर्चमध्ये कमावली आहे. चेंडू पायांमधून गेला तेव्हा मी स्वप्नात जेवत होतो. सामना माझ्यामुळे गेला. हे मी सभेला सांगितलं नाही, बायकोलाही सांगितलं नाही. मग हा माणूस चर्चच्या अंगणात माझ्यासारखा उभा राहिला, आणि माझ्यासारखा झोपला, आणि झोपेत चावायला लागला. मी जेवत होतो हे याला कुणी सांगितलं? मला वाटलं, आता हा मी काय खात होतो तेही दाखवणार, म्हणून मी खोकत उठलो, घरामागे गेलो आणि पोट धरून हसलो. इतकी वर्षं एकट्याने हसतोय, आता कंटाळा आला. भुतांचा यात काही संबंध नाही. भुतं माझ्या वाटेला जात नाहीत. तो ओपेता होता. नाव मोठ्या अक्षरांत लिहा. मी चष्मा आणलेला नाही आणि मला ते वाचायचंय.”